वहीतला सातवा रकाना

आमच्या दिंडीचा हिशेब मी गेली अकरा वर्षं लिहिते. निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही, लाल शाईने आखलेले सहा रकाने : अनुक्रम, नाव, गाव, वय, घरचा फोन, भिशी जमा. कोरेगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर बत्तीस वर्षं शिकवलं, त्यामुळे अक्षर बरं आहे, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. दोन वर्षांपूर्वी मी त्या वहीत सातवा रकाना आखला. त्यावरून दिंडीत बरीच बोलाबोली झाली. रकाना साधा आहे, पण तो आखायचा की नाही हा प्रश्न देवाचा आहे, असं काहींचं म्हणणं पडलं. मलाही ते पटतं. तो देवाचाच प्रश्न आहे, म्हणून इथे सविस्तर मांडते.

सुरुवात माझ्या थोरल्या बहिणीपासून करावी लागेल. आम्ही तिला अक्का म्हणतो. चाळीस वर्षांची माळकरी, एकादशी कधी चुकवली नाही. २०२३च्या मे महिन्यात आम्ही दोघी एका प्रवासी कंपनीच्या बसने चारधामला निघालो. बसमध्ये तीस माणसं, सगळी सातारा-सांगली-मिरजेकडची. निघण्याआधी कंपनीच्या माणसाने एक कागद भरून घेतला. त्यात खाली प्रवास विम्याचा चौकोन होता, थोडे पैसे वेगळे भरायचे. मी खूण केली. अक्काने कागद परत सरकवला.

“त्यो बघतोय की. त्याच्याच दारात चाललोय, आन् त्याच्यावरच भरवसा न्हाई व्हय?”

मी गप्प बसले. थोरल्या बहिणीशी देवाच्या विषयात वाद घालायची सवय नव्हती. तिच्याकडे केशरी शिधापत्रिका होती, तशाच पत्रिकेवर महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून साताऱ्यात मोतीबिंदूचं नव्हे, चांगलं हृदयाचं काम झालेली माणसं आमच्या आळीत होती. कार्ड आहे, लागलंच तर चालेल, असं मी मनाशी धरलं. ती माझी चूक होती आणि ती अज्ञानाची होती. ती योजना महाराष्ट्राची. राज्याबाहेर गाठ पडली तर उपयोग होतो तो केंद्राच्या आयुष्मान योजनेचा, आणि त्या वेळी त्या यादीत अक्काच्या घराचं नाव नव्हतं. एका कार्डाला राज्याची वेस असते आणि दुसऱ्याला नसते, हे मला हिमालयात कळलं.

गौरीकुंड सुमारे १,९८० मीटरवर आहे, केदारनाथ ३,५८३ वर. सोळा किलोमीटरच्या वाटेत माणूस एका दिवसात सोळाशे मीटर वर चढतो. घोड्यावर बसलं म्हणून फुप्फुसावरचा ताण कमी होत नाही, उलट चढ जास्त लवकर होतो. अक्काला दर्शन झालं. पण रात्री तंबूत तिला आडवं होता येईना. बसून राहिली की बरं, पडली की छातीत घुरघुर. खोकल्यातून फेस यायला लागला तेव्हा शेजारच्या तंबूतला एक तरुण पळत जाऊन सरकारी मदत केंद्रातल्या डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी फुकट ऑक्सिजन लावला, आणि एकच सांगितलं : खाली न्या, उशीर करू नका. उंचीमुळे फुप्फुसात पाणी झालं होतं. यावर पहिलं औषध म्हणजे खाली उतरणं.

पहाटे चौघा नेपाळी माणसांनी तिला दंडीत बसवून उतरवलं. पुढे गाडी, पुढे मैदानातल्या शहरातलं एक खासगी रुग्णालय. तिथे आधी अनामत रक्कम भरा म्हणाले. पन्नास हजार. माझ्याकडे मोबाइलवर सव्वीस हजार होते. मी केशरी कार्ड पुढे केलं. काउंटरवरच्या मुलीने ते उलटसुलट पाहिलं आणि अगदी सौम्यपणे परत दिलं. तिचा काही दोष नव्हता.

उरलेले पैसे बसमधल्या माणसांनी जमवले. कुणी दोन हजार, कुणी पाच. मिरजेच्या एक बाई होत्या, पंचावन्नच्या असतील, आमची ओळख बसमध्येच झालेली. त्यांनी ओच्यातून एक कापडी पिशवी काढली आणि आठ हजार मोजून माझ्या हातात ठेवले. ते पैसे कशाचे आहेत हे मला माहीत होतं, कारण यमुनोत्रीला त्यांनीच सांगितलं होतं. नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली होती, बद्रीनाथला अलकनंदेच्या काठी ब्रह्मकपालावर त्यांचं पिंडदान करायचं होतं. त्या कार्यासाठी, दक्षिणेसाठी, तिथल्या मुक्कामासाठी दोन वर्षं साठवलेले पैसे होते ते. मी नको म्हणाले. त्या म्हणाल्या, “अहो बाई, गेलेला माणूस थांबंल. ही थांबायची न्हाई.”

अक्का वाचली. बस एक दिवस आमच्यासाठी थांबली, मग पुढे गेली. मी अक्काजवळ राहिले. मिरजेच्या बाई बद्रीनाथला गेल्या, दर्शन घेतलं आणि पिंडदान न करता परत आल्या.

अक्काने डोळे उघडले, सगळं ऐकलं आणि हात जोडून म्हणाली, “बघितलंस? पांडुरंग आला.”

त्या वाक्याशी मी तेव्हापासून झगडते आहे. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. त्या पहाटे दंडी खांद्यावर घेणाऱ्या माणसाच्या कपाळावरचा घाम मी पाहिला आहे, आणि त्यात मला पांडुरंग दिसला नाही असं म्हणाले तर मीच खोटी ठरेन. पण आला तो कुणाच्या पायांनी आला? आणि आठ हजार आले ते कुणाच्या ताटातून आले? भार देवावर टाकला, असं अक्का निघताना म्हणाली होती. प्रत्यक्षात तो मिरजेच्या एका विधवा बाईवर पडला, आणि तिच्या गेलेल्या नवऱ्यावर पडला.

आमच्या वडिलांची आयुर्विमा महामंडळाची एक पॉलिसी होती. तिच्या कागदावर दोन हातांच्या ओंजळीत जपलेली ज्योत आणि खाली संस्कृत अक्षरं. लहानपणी वडिलांना विचारलं होतं, हे काय लिहिलंय. ते म्हणाले, गीता आहे. महामंडळ १ सप्टेंबर १९५६ला स्थापन झालं आणि त्याने आपलं बोधवाक्य म्हणून गीतेच्या नवव्या अध्यायातल्या बाविसाव्या श्लोकाचा शेवट घेतला, जिथे भगवंत अनन्य भक्तांच्या योगक्षेमाची जबाबदारी आपल्याकडे घेतात. अक्काचा सगळा भरवसा याच श्लोकावर होता. म्हणजे विमा काढणारा आणि विमा नाकारणारा, दोघेही एकाच श्लोकाचा आधार घेतात. मला हे कोडं सोडवायचं होतं. परत आल्यावर मी शंकराचार्यांचं भाष्य मराठी भाषांतरासह घेऊन बसले.

योग म्हणजे जे मिळालेलं नाही ते मिळणं, क्षेम म्हणजे मिळालेलं राखणं, असा अर्थ आचार्य देतात. मग स्वतःच शंका काढतात : इतर भक्तांचा योगक्षेमसुद्धा भगवंतच वाहतो ना, मग अनन्य भक्ताचं वेगळेपण काय? त्यांचं उत्तर असं आहे की, इतर भक्त स्वतःसाठी स्वतःही योगक्षेमाची खटपट करतात. अनन्य भक्त स्वतःसाठी ती करत नाहीत, कारण त्यांना जगण्याची किंवा मरणाची आसक्ती उरलेली नसते.

“स्वतःसाठी”. त्या शब्दावर मी दोन दिवस थांबले होते. आचार्यांनी खटपट करू नका असं म्हटलेलं नाही. ज्याला मरणाचं काही वाटेनासं झालं आहे, तो स्वतःसाठी खटपट करत नाही, एवढंच म्हटलं आहे. त्या रात्री तंबूत अक्का माझा हात घट्ट धरून बसली होती. तिला जगायचं होतं. त्यात कमीपणा काहीच नाही, मलाही जगायचं आहे. पण मग अनन्य भक्ताची सवलत आपल्याला लागू होत नाही, आपण खटपट करणाऱ्यांतले. आणि खरोखर अनन्य असणारा भक्तसुद्धा दुसऱ्याच्या योगक्षेमाबद्दल बेफिकीर असेल, असं त्या भाष्यात कुठेही नाही. परमुलखात आपण आजारी पडलो तर विम्याचे पैसे आपल्या मांडीवर येऊन पडत नाहीत. ते रुग्णालयात जातात, आणि सोबतच्या माणसाच्या पिशवीला हात लागत नाही. विमा हा बराचसा दुसऱ्यासाठीच काढलेला असतो. यमनियमांमध्ये अस्तेय आहे, चोरी न करणं. मिरजेच्या बाईंनी पैसे आनंदाने दिले, म्हणून ती चोरी नाही. पण आपण असे निघालो की कुणाला तरी ते द्यावेच लागतील, तर आपण चोरीच्या अगदी उंबऱ्यावर उभे असतो. मला तरी असंच वाटतं.

खरं अनन्यपण कागदावर कसं दिसतं, तेही सांगते. आमच्या शाळेतले एक निवृत्त मुख्याध्यापक कैलास-मानसरोवरला जाऊन आले. परराष्ट्र मंत्रालयाकडून जाणाऱ्या यात्रेकरूची आधी दिल्लीत कसून तपासणी होते, मग त्याला काही कागदांवर सह्या कराव्या लागतात. एक हानिरक्षण बंधपत्र. एक हमी, की संकटात हेलिकॉप्टरने उतरवावं लागलं तर त्याची जबाबदारी माझी. आणि एक संमतिपत्र, की चीनच्या हद्दीत मृत्यू आला तर तिथेच अंत्यसंस्कार करण्यास माझी हरकत नाही. गुरुजी सांगत होते, त्या तिसऱ्या कागदावर सही करताना हात थरथरला आणि मग एकदम हलकं वाटलं. साडेपाच हजार मीटरच्या वरच्या डोल्मा खिंडीत पोचण्याआधीच यात्रा झाली होती म्हणाले. एकाच पाकिटात तीन कागद : खर्चाची जबाबदारी घेणारा, लोकांना त्रास न देण्याची हमी देणारा आणि देह सोडून देणारा. मला त्यात कुठेही विसंगती दिसत नाही. देहाची आसक्ती सोडणारा माणूसच हेलिकॉप्टरचं बिल दुसऱ्याच्या नावावर टाकत नाही.

आमची आजी सांगायची, काशीला निघालेल्या माणसाला अख्खं गाव वेशीपर्यंत पोचवायला जायचं, कारण तो परत येईलच असं नसे. देणी फेडून, जमिनीची वाटणी सांगून माणूस निघे. परतला तर मावंदं घातलं जाई, गंगेच्या तांब्याची पूजा आणि गावजेवण. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते घरावरचं कर्ज फेडायला चार पैसे मिळवण्यासाठी, आणि सापडले थेट बंडाच्या धुमश्चक्रीत. लुटले गेले, तरी गंगेची कावड घेऊन घरी पोचले. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा जाणवते : अनोळखी गावात कुणीतरी ओसरी देतं, कुणीतरी शिधा देतं. त्या काळचा विमा तो. धर्मशाळा, अन्नछत्र, घाट बांधून ठेवणाऱ्यांनी न पाहिलेल्या वाटसरूंचा हप्ता आधीच भरून ठेवला होता. गाडगे महाराजांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे धर्मशाळा उभ्या केल्या. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे टाटा रुग्णालयात उपचारासाठी आलेली बाहेरगावची कर्करोगाची माणसं राहतात. आमच्या गावची दोन माणसं तिथे राहून आली आहेत. गाव सोडलेल्या आजारी माणसाची सोय आधी करून ठेवणं हा आपल्याकडे भक्तीचाच भाग होता, भक्तीतला संशय नव्हे.

दिंडीची भिशी तरी काय आहे? निघताना सगळे सारखे पैसे भरतात. मग कुणी तीन भाकरी खातो, कुणी अर्धी. कुणाला वाटेत ताप येतो, त्याला ट्रकमध्ये बसवतात, गोळ्या भिशीतून. त्याने भरलेल्यापेक्षा जास्त त्याच्यावर खर्च झाला म्हणून कुणी बोटं मोजत नाही. अनेकांनी थोडं थोडं द्यायचं आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला त्यातून द्यायचं. विमा याहून वेगळा नाही. माझा भाचा रेल्वेचं तिकीट मोबाइलवर काढतो तेव्हा पंचेचाळीस पैशांच्या विम्यावर खूण करतो. पंचेचाळीस पैसे, आणि अपघाती मृत्यूला दहा लाख. लाखो अनोळखी प्रवाशांची ती भिशी आहे.

हे सगळं मी अक्कासमोर मांडलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “कंपनीनं पैसं दिलं असतं तर मिरजंची बाई माझी कोण लागली असती?”

याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. अक्का आणि त्या बाई आता दर गुरुवारी फोनवर बोलतात. सख्ख्या बहिणीला सांगत नाही ते अक्का त्यांना सांगते. तो संबंध त्या आठ हजारांतून उगवला, हे खरं आहे. सगळ्यांनी आपापली सोय बघितली तर माणसाला माणूस कशाला लागेल, हा तिचा प्रश्न मी हलका मानत नाही.

पण दान घडणं वेगळं आणि दान गृहीत धरणं वेगळं. बाईंनी दिलं हा त्यांचा धर्म. त्यांना द्यावं लागेल अशी व्यवस्था करून निघणं हा आपला धर्म होऊ शकत नाही. आणि विमा होता तरी माणूस लागलाच असता. माझ्या पॉलिसीत बिलाचे पैसे मिळतात. रात्रभर पाठ चोळणं मिळत नाही. शेजारच्या तंबूतून कुणी पळत येणं मिळत नाही. घाबरलेल्या बाईला मराठीत “काही होत नाही” म्हणणं मिळत नाही. पैशाचा भाग निकालात निघाला, की सोबत्याला सोबत करायला हात मोकळे राहतात.

विम्याची खोट मला दिसते आणि ती मी लपवणार नाही. दिंडी कुणाला वय विचारून बाहेर काढत नाही. विमा विचारतो. साखर आहे का, दाब आहे का, आधीचं दुखणं आहे का. काही पॉलिसींत ठरावीक उंचीवरचं चढणं वगळलेलं असतं, काहींत लहान गावात कमी हप्ता भरून मोठ्या शहरात उपचार घेतले तर बिलातला वाटा आपण उचलायचा असतो. बारीक अक्षर वाचायला चष्मा आणि वेळ दोन्ही लागतात, आणि सगळ्यात जास्त गरज ज्याला आहे त्यालाच हप्ता सगळ्यात जड जातो. म्हणून ही भिशी शेवटी सरकारनेच चालवावी आणि तिला राज्याची वेस नसावी, असं माझं स्पष्ट मत आहे. २०२४च्या २९ ऑक्टोबरपासून सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मानमध्ये पाच लाखांचं संरक्षण मिळालं. ते कार्ड, ज्या राज्यांत योजना आहे तिथल्या संलग्न रुग्णालयांत चालतं. अक्काला आता सत्तर पूर्ण झाली. तिचं कार्ड मीच काढून आणलं. तिने घेतलं, तुळशीच्या माळेच्या डबीत ठेवलं.

आणि आपलीही खोट आहे. साखरेचा आजार लपवून पॉलिसी काढायची, एजंटही म्हणतो, लिहू नका. विम्याचा करार कायद्याने परम सद्भावाचा मानला आहे, म्हणजे दोघांनी एकमेकांना पूर्ण खरं सांगायचं. एवढी सत्याची अट व्यवहारात दुसऱ्या फार थोड्या कागदांवर असते. गळ्यात माळ घालून त्या कागदावर खोटं लिहिणाऱ्याने मग “देवावर भरवसा” हा शब्द तोंडातून काढू नये.

आम्ही हिमालयातून परतलो त्याच्या पुढच्याच महिन्यात, जून २०२३मध्ये, राज्य सरकारने वारकऱ्यांसाठी विठ्ठल-रुक्मिणी विमा छत्र योजना जाहीर केली. वारीच्या तीस दिवसांसाठी : मृत्यू आल्यास पाच लाख, कायमचं अपंगत्व आल्यास एक लाख, अंशतः आल्यास पन्नास हजार, आजारपणाच्या औषधोपचाराला पस्तीस हजार. दिंडीत काही जुनी माणसं नाराज झाली. वारीच्या वाटेवर मरण येणं हे भाग्य, त्याची किंमत कसली लावता, असं म्हणाली. त्यांची भावना मला कळते. पण बारा-तेरा वर्षांपूर्वी वेळापूरच्या मुक्कामी आमच्यातले परभणीकडचे एक बाबा झोपेतच गेले. चेहरा इतका शांत होता की आम्हाला रडूही आलं नाही. त्यानंतर सहा तास आम्ही त्यांचं घर शोधत होतो. वहीत फोन नव्हता. फोन मिळाला, तर पोरगा ऊसतोडीच्या मजुरीवर, गाडीभाड्याला पैसे नाहीत. भिशीतून गाडी केली. बाबांना वैकुंठ मिळालं असेल, माझी त्याबद्दल खात्री आहे. पण वेळापूर ते परभणी हे अंतर कुणीतरी भरायचंच होतं.

घरच्या फोनचा रकाना त्या वर्षी आला. सातवा रकाना अक्कानंतर आला : चालू औषध, आणि कार्ड किंवा पॉलिसीचा क्रमांक. पहिल्या वर्षी निम्म्यांनी रिकामा ठेवला. एका आजींनी तिथे “पांडुरंग” लिहायला सांगितलं. मी लिहिलं, आणि खाली त्यांच्या दाबाच्या गोळीचं नाव विचारून तेही लिहिलं.

अक्काने मिरजेच्या बाईंचे आठ हजार पहिल्या महिन्यातच पाठवले. पुढच्या वर्षी त्या बद्रीनाथला जाऊन आल्या, पिंडदान झालं. अक्काला डॉक्टरांनी उंचावर जायला मनाई केली आहे, ती घरी बसून त्या दिवशी उपाशी राहिली.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते. आपल्या दिंडीचा हिशेब जो कुणी लिहीत असेल त्याने त्याआधी वहीत हा रकाना आखावा, आणि प्रत्येकाजवळ बसून, घाई न करता, तो भरून घ्यावा.